बॉक्स किती, एवढंच विचारू नका

प्रति,
सप्ताह समित्या, गणेशोत्सव आणि जयंती मंडळांचे पदाधिकारी,
मौजे धनज, ता. कारंजा, जि. वाशिम

विषय : कीर्तनातला शब्द मंडपाच्या शेवटच्या रांगेला कळावा, याबाबत.



साऊंडची ऑर्डर देताना समितीकडून येणारे प्रश्न आता मला पाठ झाले आहेत. टॉप किती, बेस किती, एकूण वॅट किती, जनरेटर कोणाचा, आणि सगळं ठरल्यावर ‘अजून दोन बॉक्स जास्तीचे टाका, आपलं गाव मोठं आहे’. मग इसार दिला जातो, पत्रिकेवर मंडपवाल्याच्या खाली साऊंडवाल्याच्या दुकानाचं नाव छापलं जातं आणि विषय मिटतो. मिक्सरवर कोण बसणार आहे आणि त्याला कीर्तनाआधी किती वेळ मिळणार आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. हे पत्र तेवढ्यासाठी आहे. धनजच्या मंडळींना लिहितो आहे, पण कामरगावपासून मानोऱ्यापर्यंत कोणाला ते आपल्यालाच आलं असं वाटलं तर हरकत नाही.

मी याच धंद्यातला. तेव्हा ऑपरेटरची वकिली करायला आलोय असं समजू नका. आमच्या पोरांबद्दलही पुढे लिहिलं आहे, आणि ते त्यांना फारसं गोड लागणार नाही.

आधी भोंग्याचं बघू. ज्यांनी अहुजाचा ॲम्प्लिफायर आणि लिंबाला बांधलेले दोन भोंगे यांवर सप्ताह ऐकला, ते आजही म्हणतात की तेव्हा वावरात बसून कीर्तन कळायचं, आता मंडपात बसून कळत नाही. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं म्हणून आपण ते सोडून देतो. पण ते खरं आहे, आणि त्याला कारणही आहे. भोंग्यातून खालचा जाड आवाज निघतच नाही. वरची झळाळीही नाही. उरतो तो मधला पट्टा, काहीशे हर्ट्झपासून चार-पाच हजार हर्ट्झपर्यंतचा, आणि माणसाच्या बोलण्याचा अर्थ नेमका तिथेच असतो. टेलिफोनने 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यावर जग बोलतं ठेवलं. गाडगेबाबांचं 1956 सालचं, मुंबईत बांद्र्याला झालेलं कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. कोणाच्याही मोबाइलवर मिळेल. मुद्रण जुनं, आवाजाला तळ नाही. तरी बाबांनी विचारलेला प्रश्न कळतो आणि लोकांनी एका सुरात दिलेलं उत्तरही कळतं.

मग आपल्याकडे पंधरा इंची आणि अठरा इंची बेस आले. भोंगा जे गाळून टाकत होता ते सगळं आता ऐकू येऊ लागलं: माइकच्या दांडीला बसलेला धक्का, स्टेजच्या फळ्यांवरची पावली, वारा, जनरेटरचा घूं, मृदंगाचा घुमारा, आणि महाराजांच्या छातीतला खर्ज. शब्दाचा पट्टा तेवढाच राहिला, त्याच्याखाली हे सगळं साचलं. भोंगा फुकटात करायचा ती गाळणी आता माणसाला हाताने करावी लागते. तिलाच इक्वलायझर, थोडक्यात ईक्यू, म्हणतात.

ही सोय पूर्वी आपल्यापर्यंत पोचत नव्हती. जॉर्ज मॅसेनबर्ग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने 1972 साली पॅरामेट्रिक इक्वलायझरवरचा निबंध मांडला. त्यातली युक्ती साधी आहे. तीन गोष्टी वेगवेगळ्या हातात द्यायच्या: आवाजातली कोणती जागा धरायची, ती किती वर-खाली करायची, आणि धरताना चिमूट घ्यायची की मूठ. ती चीज कित्येक वर्षं मोठ्या स्टुडिओंत आणि महागड्या मिक्सरांतच राहिली. गावातल्या मिक्सरवर बेस, मिड आणि ट्रेबल अशी तीन बटणं, त्यातही मिडची जागा बहुधा कारखान्याने ठरवून दिलेली. 2012 मध्ये बेहरिंगरचा एक्स-32 बाजारात आला, पाठोपाठ सरकत्या पट्ट्या म्हणजे फेडर नसलेला, टॅब्लेटवर चालणारा एक्सआर-18 आला, आणि भाव असे उतरले की तालुक्याचा साऊंडवालाही डिजिटलचा विचार करू लागला. आता प्रत्येक माइकच्या चॅनेलवर खालचा आवाज कापणारा लो-कट आहे आणि वर चार पट्ट्यांचा पूर्ण पॅरामेट्रिक ईक्यू आहे. स्क्रीनवर 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत एक रेघ दिसते, ती बोटाने ओढायची. मागे आवाजाचा आलेखही नाचत असतो.

आणि हा आलेख दिसू लागल्यापासून आमची पोरं डोळ्यांनी ऐकू लागली. दोन्ही टोकं वर, मधला भाग खाली, अशी रेघ त्यांना सुंदर वाटते. डीजेच्या गाण्याला ती चालूनही जाते, कारण गाणं आधीच कोणीतरी नीट मिसळून दिलेलं असतं. तीच रेघ कीर्तनकाराच्या चॅनेलवर ओढली की खर्ज दणदणतो, ‘स’ टोचतो आणि मधला शब्द जातो. मग मागून आवाज येतो, “आवाज वाढव ना बाप्पा, मांगं ऐकूच येऊन नाही राह्यलं!” पोरगा फेडर वर सारतो. खर्ज आणखी वाढतो, कुई वाजते, महाराज थांबून मिक्सरकडे बघतात, आणि अख्खा मंडपही बघतो. दोष कोणाचा? पोराचा आहेच. पण मागून ओरडणारा बहुतेक वेळा समितीचाच माणूस असतो. त्याला ऐकू येत असतं, कळत नसतं. आणि त्याने मागितलेला आवाज वाढवल्याने कळणं आणखी कमी होतं.

कीर्तनकाराचा चॅनेल कसा लावायचा ते जरा तपशिलात सांगतो. तुमच्यापैकी कोणाला मिक्सरला हात लावायचा नाही हे खरं. पण समोरचा माणूस काम करतोय की नुसता बसलाय, हे ओळखता यायला हवं.

पहिलं काम गेनचं, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती घ्यायचा ते ठरवण्याचं. ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’ म्हणून काही कळत नाही. त्यात मराठीतले अर्धे आवाज नाहीत आणि महाराजांचा जोरही नाही. महाराजांनाच माइकवर बोलायला लावावं, आणि त्यांच्या नेहमीच्या ताकदीने एकदा जयघोष करायला सांगावं. कीर्तनातला सर्वांत मोठा आवाज तोच. त्या आवाजाला मीटर लालाला टेकलं नाही, म्हणजे पुढचे दोन तास तडतड होणार नाही. गेन चुकला तर ईक्यूने काहीही सावरता येत नाही.

दुसरं, लो-कट. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण 85 ते 180 हर्ट्झमध्ये असतो, बाईचा 165 ते 255. म्हणून लो-कट पुरुषाला 100-120 वर आणि महिला कीर्तनकारांना 150 च्या आसपास बिनधास्त लावावा. ऑपरेटर घाबरतात, आवाज पातळ होईल म्हणतात. होत नाही. मूळ सुराचा तळ कापला तरी वरच्या पटींवरून कान तो स्वतः भरून काढतो; टेलिफोनवर बापाचा आवाज बापाचाच वाटतो तो याच कारणाने. उलट त्या कापाने पावलीचा धपधप आणि वारा एका झटक्यात बाहेर जातात.

तिसरं काम सगळ्यात नाजूक, आणि मंडपात खरी गंमत इथेच कळते. बरेच महाराज माइक ओठाला टेकवतात. आपण वापरतो त्या एका दिशेने ऐकणाऱ्या माइकचा धर्मच असा की तोंड जवळ आलं की खालचा आवाज फुगतो. त्यामुळे 200 ते 400 हर्ट्झच्या भागात कोंदटपणा येतो, महाराज रांजणात तोंड घालून बोलताहेत असा. तो नेमका कुठे आहे हे शोधायला एक पट्टा अरुंद करून उचलायचा आणि हळूहळू सरकवायचा. जिथे घुमणं अगदी असह्य होतं ती जागा. मग तिथेच तीन-चार डेसिबल खाली ओढायचं आणि पट्टा थोडा रुंद करायचा. हे हेडफोनवर करावं. बॉक्स चालू ठेवून उचललेला पट्टा फिरवला तर कुई ठरलेली, आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांच्या कानाचं काय होतं ते त्यांनाच विचारा.

तूरडाळीतले खडे काढायला आपण वरून आणखी डाळ ओतत नाही. पण ईक्यूवर बहुतेक जण तेच करतात: ट्रेबल कमी वाटला की ट्रेबल वाढव, मग बेस कमी वाटला की बेस वाढव, आणि शेवटी सगळंच वर. कोंदट भाग काढला की झाकलेलं स्पष्टपण आपोआप वर येतं. कापणं फुकट असतं. उचलण्याला वीज लागते: तीन डेसिबल उचललं की त्या भागात ॲम्प्लिफायरला दुप्पट ताकद द्यावी लागते, सहा डेसिबल उचललं की चौपट. बेसची पट्टी सहाने वर ओढलेला ॲम्प्लिफायर जयघोषाला गुदमरतो, आणि समितीला वाटतं की बॉक्स कमी पडले.

त्यानंतर गरज वाटली तरच अडीच-तीन हजार हर्ट्झच्या आसपास एक-दोन डेसिबल. जास्त नाही. माणसाचा कान दोन ते पाच हजारांच्या भागातच सगळ्यात तिखट असतो. पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट वाटलेली ती वाढ तासाभराने डोकं उठवते. शिवाय शुअरच्या एसएम-58 सारख्या माइकमध्ये हा वरचा भाग मुळातच थोडा उचललेला असतो. 1966 पासून तो माइक बोलण्यासाठी आणि गाण्यासाठी चालतोय तो उगाच नाही. सकाळच्या ज्ञानेश्वरी पारायणाला तर ही वाढ मुळीच नको. व्यासपीठावरचा आवाज तीन-तीन तास कानावर पडणार असतो. राहिला ‘स’ आणि ‘श’. पाच ते आठ हजारांत तो सळसळतो, आणि कवळी बसवलेल्या महाराजांचा तर शिट्टीच मारतो. तिथे थोडं खाली. विषय संपला.

हे सगळं झाल्यावर ऑपरेटरने ईक्यूचं बटण बंद-चालू करून बघायला हवं. इथे एक फसवणूक असते. जे मोठं ते कानाला चांगलंच वाटतं. म्हणून दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवून ऐकायचं. हे करणारा ऑपरेटर दिसला तर त्याला सोडू नका, पुढच्या वर्षीचा इसार त्याच दिवशी द्या.

तुम्ही म्हणाल, एवढी काटेकोरी कशाला, भाव कळला म्हणजे झालं. भाव सुरावरही कळेल. पण कीर्तन म्हणजे चरणाचं निरूपण. ‘पाप’ आणि ‘ताप’ हे दोन शब्द म्हणून बघा. फरक पहिल्या व्यंजनाच्या फुटण्याचा, तोही सेकंदाच्या काही हजाराव्या भागाचा. ‘त’ फुटतो तेव्हा तीन-चार हजार हर्ट्झवर एक बारीक ठिणगी पडते, ‘प’ मध्ये ती नसते. ‘पाट’ आणि ‘पाठ’, ‘दान’ आणि ‘धान’ यांतला फरक नुसत्या श्वासाचा. आपल्या भाषेत महाप्राण व्यंजनं भरपूर, आणि ती सगळी अशा बारीक, कमी ताकदीच्या आवाजावर उभी आहेत. खर्जाचा ढग त्यांच्यावर बसला की मागच्या रांगेतला माणूस संदर्भावरून अंदाज करत राहतो. तरुण करतो. ज्याचा कान वयाने वरच्या बाजूने उतरला आहे, तो म्हातारा अर्ध्या तासात डुलकी घेतो. आपण म्हणतो, दिवसभर रोजाने थकला असेल.

आता मृदंग आणि टाळ. मृदंगाला दोन माइक असतील तर कणकेच्या बाजूचा चॅनेल हा एकच चॅनेल असा, की जिथे खालचा आवाज राहू द्यायचा. बाकी सगळ्यांवर लो-कट. असं केलं की मृदंगाचा घुमारा एका जागेवरून, स्वच्छ येतो. पाच माइकांतून पाच वेळा, मागेपुढे होऊन येत नाही. त्याच चॅनेलवर तीनशे-चारशेच्या आसपास थोडं कापलं की डब्याचा आवाज जातो. शाईच्या बाजूला बोटाचा ठोका तीन ते पाच हजारांत असतो, तेवढा जपायचा. पेटीला काही करू नका; लो-कट लावा आणि गप्प बसा.

टाळाचं मात्र ईक्यूला जमत नाही, हे स्पष्ट सांगतो. टाळाला कोणी माइक लावत नाही, तरी मंडपात सगळ्यात जास्त टाळच ऐकू येतो, कारण तो कीर्तनकाराच्या माइकमध्ये शिरतो. माइक महाराजांच्या तोंडाकडे रोखलेला, महाराजांच्या मागे टाळकऱ्यांची रांग. म्हणजे माइक रांगेकडेच रोखलेला. बरं, टाळाचा किणकिणाट आणि व्यंजनांची ती बारीक ठिणगी एकाच भागात राहतात. टाळ कापायला गेलात तर शब्दही कापला जाईल. याला एकच उपाय, आणि तो तुमच्या हातात आहे: टाळकऱ्यांची रांग एक पाऊल मागे, आणि माइक महाराजांच्या तोंडापासून मुठीएवढ्या अंतरावर. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, हा नियम इथे आपल्या बाजूने काम करतो; महाराज जवळ, टाळ लांब. हे महाराजांना मी सांगितलं तर त्यांना राग येतो. समितीच्या अध्यक्षांनी नारळ देताना हात जोडून सांगितलं तर येत नाही.

आपल्या भागात खंजिरी भजनाची परंपरा आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ती घरोघरी नेली, आणि सत्यपाल महाराजांनी सप्तखंजेरी लोकांपुढे उभी केली. तिथे वाजवणारा आणि बोलणारा एकच. दोन माइक द्या, दोन वेगळे चॅनेल ठेवा. बोलण्याच्या माइकवर लो-कट थोडा वर घ्या, म्हणजे खंजिरीची थाप शब्दाखाली दबून राहील. एकाच माइकवर दोन्ही घेतलं तर एकाला न्याय देताना दुसऱ्यावर अन्याय होणारच.

पैशाचं बोलू. बॉक्स आणि वॅट दुप्पट केले की तीन डेसिबल मिळतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला लागतात साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट ताकद. अजून दोन बॉक्स टाकून मागच्या रांगेला काय मिळतं, ते यावरून बघा. पुढच्या रांगेला मात्र नक्की मिळतं, डोकेदुखी. त्याऐवजी स्टेजवरचे दोन छोटे बॉक्स काढून मंडपाच्या मध्यावर लावायला सांगा. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. मधला बॉक्स स्टेजपासून 34 मीटरवर असेल तर त्याला सेकंदाचा दहावा भाग उशिरा बोलायला लावायचं, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. बऱ्याच डिजिटल मिक्सरमध्ये हा उशीर एक आकडा टाकून होतो. बहुतेकांनी ते पान उघडूनही पाहिलेलं नाही.

दगडी सभामंडपात आणि टिनाच्या शेडमध्ये आवाज भिंतींवर आपटून परत येतो, त्यालाही ईक्यूचा इलाज नाही. तिथे आवाज कमी, बॉक्स जास्त जागी आणि लोकांच्या दिशेने खाली वळवलेले. रिकाम्या मंडपात लावलेला आवाज भरल्या मंडपात बदलतो, कारण माणसं आणि लुगडी-धोतरं वरचा आवाज पितात. म्हणून कीर्तन सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटं ऑपरेटरने मोबाइल खिशात ठेवावा. आणि कुई. उघडे माइक दुप्पट झाले की कुईपासूनचं अंतर तीन डेसिबलने घटतं, म्हणून ज्या माइकवर कोणी नाही तो बंद. एकाच सुराची कुई असेल तर त्या जागी अगदी बारीक चिमूट कापायची. मोठा घास घेतला तर शब्दाचा लचका तुटतो. देणगीदारांची नावं वाचण्याचा माइक तेवढा नेहमी स्वच्छ असतो, हे मी पाहत आलो आहे. तिथे समिती स्वतः उभी राहून आवाज नीट करून घेते. जमतं, म्हणजे.

आमच्या पोरांबद्दल आणखी एक. व्हॉट्सॲपवर एकमेकांना सीनच्या, म्हणजे मिक्सरच्या साठवलेल्या सेटिंगच्या, फायली पाठवतात. अमक्या मोठ्या कार्यक्रमाची सेटिंग म्हणून ती धनजच्या मंडपात उघडायची आणि खुर्चीवर रेलायचं. त्या कार्यक्रमात माइक वेगळा होता, गळा वेगळा होता, छप्पर वेगळं होतं. दुसऱ्याचा चष्मा लावून पोथी वाचायला बसण्याचा हा प्रकार. खरं तर सप्ताहासारखी शाळा ऑपरेटरला कुठेच मिळणार नाही. तोच मंडप, तीच बॉक्सची जागा, तोच मृदंग, बहुतेक तेच टाळकरी आणि गायक, आणि रोज नवा कीर्तनकार. पहिल्या दिवशी मंडपाचा घूम मुख्य आउटपुटच्या ईक्यूवर काढून टाकायचा आणि त्याला पुन्हा हात लावायचा नाही. रोज फक्त महाराजांचा एक चॅनेल नवा लावायचा आणि त्यांच्या नावाने साठवायचा. पुढच्या वर्षी तेच महाराज आले तर अर्धं काम तयार. काल्याच्या कीर्तनाला उन्हाची वेळ, वारा आणि सगळ्यात मोठी गर्दी. तोपर्यंत कान तयार झालेला असतो.

कायद्याबद्दल दोन ओळी. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल. शब्द स्वच्छ असेल तर कमी आवाजात भागतं, आणि ठाण्यातून फोन येण्याचं एक कारण कमी होतं.

आता मागणं. मिक्सर स्टेजच्या मागे किंवा जनरेटरजवळ लावायला देऊ नका. ज्याला लोकांसारखं ऐकायचं आहे तो लोकांत बसला पाहिजे. टॅब्लेट असेल तर त्याला उठवा आणि फिरवा, विशेषतः बायकांच्या बाजूला. तिथे बहुतेक मंडपांत बॉक्सची फक्त कड ऐकू येते, आणि तिथून कोणी ओरडून सांगत नाही. आवाजाबद्दल ऑपरेटरला सांगायला समितीने एकच माणूस नेमावा, चांगल्या कानाचा आणि मागच्या रांगेत बसणारा. बाकी दहा जणांनी हातवारे करू नयेत. त्या माणसाने ‘वाढव’ म्हणायचं नाही. कुठला शब्द कळला नाही ते सांगायचं. तेवढ्यावरून जाणत्या ऑपरेटरला कुठे हात घालायचा ते समजतं.

आणि वेळ. साऊंड चेकला वेगळा तास द्या म्हटलं तर तुम्ही पत्रिका दाखवाल. काकड्यापासून जागरापर्यंत एक मिनिट मोकळं नाही, मान्य. पण संध्याकाळचा हरिपाठ आहे ना. तेच गायक, तोच मृदंग, तेच टाळ, कीर्तनाच्या आधी पुरा तासभर. आमचा माणूस नेमका तेव्हा जेवायला गेलेला असतो आणि मिक्सरवर एखादं शाळकरी पोर बसवलेलं असतं. यंदा इसाराच्या पावतीवर रकमेखाली एवढं लिहून घ्या: मिक्सरवर बसणाऱ्याचं नाव, आणि ‘हरिपाठाला हजर राहील’. त्याचं जेवण हरिपाठाआधी वाढायची सोय तुमच्या पंगतीवाल्यांना सांगून ठेवा. महाराज गावात मुक्कामी असतील तर हरिपाठ संपता संपता त्यांना पाच मिनिटं माइकवर आणा. बॉक्स दोन कमी लावले तरी चालतील, त्याचे पैसे मी कमी करून देईन.

कळावे,

आपला,
कारंजा तालुक्यातला एक साऊंडवाला